कावा: गनिमी नव्हे, फिजीचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑकलंडमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून एक फिजी-भारतीय कुटुंब राहतं. त्यांच्या गॅरेजमध्ये शुक्रवारी संध्याकाळी चटई अंथरली जाते आणि मधोमध कावाची लाकडी परात येते. त्या चटईवरचा माझा एक फोटो घरच्या ग्रुपवर गेला आणि प्रश्न सुरू झाले. पुण्याहून मावशीचे, मेलबर्नहून मेहुण्याचे, फिजीला मधुचंद्राला निघालेल्या भाच्याचे. दरवेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. औषधं चालू असतील तर शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

कावा म्हणजे काश्मिरी कहवा का?

नाही. केशर-बदाम घातलेला तो चहा, त्याचं नाव अरबीतून आलं. हा कावा प्रशांत महासागरातल्या बेटांचा. एका झुडपाचं मूळ कुटून, थंड पाण्यात कोळून केलेलं पेय. टोंगात 'कावा', सामोआत 'आवा', फिजीत 'यंगोना', आणि फिजीतल्या आपल्या लोकांच्या तोंडी 'नगोना' किंवा सरळ 'ग्रॉग'.

झुडपाचं शास्त्रीय नाव पायपर मेथिस्टिकम. यातलं 'पायपर' लक्षात ठेवा, कारण मिरी, पिंपळी आणि विड्याचं पान हीसुद्धा पायपरच. म्हणजे आपली नागवेल आणि फिजीचा कावा चुलत भावंडं. हे कळलं तेव्हा मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. आपल्याकडे पानसुपारीला जो मान, तोच तिकडे कावाला: पाहुणा आला की, सोयरीक जुळली की, भांडण मिटवायचं असलं की.

जाता जाता व्याकरण. नियमाने 'काव्याचे परिणाम' लिहायला हवं. पण मग कवी मंडळी भलत्या अपेक्षेने इथे येतील. म्हणून मी 'कावाचे' असंच लिहिणार.

चवीला कसा लागतो?

वाईट. पावसाळ्यात नळाला पहिलं गढूळ पाणी येतं ना, त्यात कोणीतरी मिऱ्याची पूड टाकली आहे असं समजा. कडवट, मातकट, घशाशी थोडा तिखट. चवीसाठी कावा कोणी पीत नाही. म्हणूनच तो घोटघोट चाखत बसायचा नसतो, वाटी तोंडाला लावली की एका दमात रिकामी करायची. नंतर तोंडात टाकायला आमच्या शेजारी भुजिया, तळलेले वाटाणे नाहीतर गोळ्या ठेवलेल्या असतात. त्याला ते 'चेझर' म्हणतात.

बनवतात कसा?

फिजीत मूळ वाळवून, कुटून पूड करतात. ती सुती कापडात घालून पुरचुंडी करायची आणि पाण्यात बुडवून पिळत राहायची. आपण चिंच कोळतो अगदी तसं. पाणी हळूहळू करड्या-तपकिरी रंगावर येतं. आमच्या शेजारचे काका दहा-पंधरा मिनिटं न थकता पिळतात आणि मधूनमधून वाटीने पाणी उंचावरून खाली सोडून रंग बघतात. पाणी साधंच लागतं, उकळतं नाही.

ज्या पसरट लाकडी भांड्यात हे चालतं ते 'तानोआ', आणि वाटायची नारळाची करवंटी म्हणजे 'बिलो'.

वानुआतू या प्रशांत महासागरातल्याच बेटदेशात रीत वेगळी. तिथे ताजं, ओलं मूळ किसून किंवा वाटून लगेच गाळतात. हा कावा बराच कडक असतो. तिथल्या तन्ना बेटावर मूळ चावून चोथा करण्याची जुनी प्रथा आहे. हे वाचून नाक मुरडलंत तरी हरकत नाही, मीही मुरडलं होतं. मायक्रोनेशियातल्या पोनपेई बेटावर सपाट दगडावर मूळ ठेचतात आणि जास्वंदीच्या जातीच्या झाडाच्या सालीत गुंडाळून पिळतात. तिथे त्याला 'साकाऊ' म्हणतात.

प्यायल्यावर नेमकं काय होतं?

पहिल्याच वाटीत ओठ आणि जीभ बधिर होते. कोकणातल्या किंवा गोव्याच्या वाचकांना सोपं करून सांगतो: बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ चुकून दाताखाली आलं की जे होतं ना, ते. दंतवैद्याच्या इंजेक्शनचा फार सौम्य अवतार म्हणा. यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट जीभ अजिबातच बधिर झाली नाही तर पूड जुनी किंवा भेसळीची असण्याची शक्यता जास्त.

पंधरा-वीस मिनिटांनी, अर्ध्या तासाने, खांदे खाली येतात. म्हणजे खरोखरच खाली येतात. आठवडाभर ते कानापर्यंत चढलेले होते हे तेव्हा कळतं. मान सैल पडते, जबडा सुटतो. बोलणं हळू होतं, पण तुटत नाही. मनात चाललेली कटकट थांबत नाही, मात्र शेजारच्या खोलीत गेल्यासारखी वाटते. डोकं बऱ्यापैकी जागेवर असतं. मी एकदा तिसऱ्या वाटीनंतर मुलीचं गणित तपासून दिलं होतं आणि ते बरोबर निघालं. प्रमाण वाढलं की झोप येते, पाय जड होतात, डोळे लाल होतात, आवाज आणि प्रकाश नकोसा वाटतो. वानुआतूत कावा पिण्याच्या जागेला 'नाकामाल' म्हणतात. तिथे संध्याकाळी मिणमिणता दिवा असतो आणि लोक हळू आवाजात बोलतात, त्याचं कारण हेच.

हे सगळं करणारी द्रव्यं म्हणजे कावालॅक्टोन. त्यातली मुख्य सहा. मेंदूला शांत करणारी 'गाबा' नावाची यंत्रणा आहे, तिच्यावर त्यांचा परिणाम होतो. मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्गही ती काही अंशी अडवतात.

मग ही नशाच झाली की! दारू किंवा भांगेसारखी?

अंमल चढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'मेथिस्टिकम'चा अर्थच मादक. हे नाव दिलं गेऑर्ग फॉर्स्टर यांनी, जे कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत (१७७२-७५) जहाजावर होते. पण अंमल आणि अंमल यात फरक असतो. दारू माणसाला मोठ्याने बोलायला लावते, कावा गप्प बसवतो. भांगेत वेळेचं भान सुटतं, भास होऊ शकतात. कावात तसं सहसा होत नाही. कावाच्या चटईवर मी अजून मारामारी पाहिलेली नाही. घोरणारे मात्र बरेच पाहिलेत.

दारूसारखं शारीरिक व्यसन कावाचं लागत नाही असं सर्वसाधारण मत आहे. सवय लागते, आणि सवयीचाही संसारावर भार पडतो. रात्री दोन वाजेपर्यंत तानोआभोवती बसलेला नवरा सकाळी कामावर जात नाही, ही तक्रार फिजीतल्या कितीतरी घरांमधून ऐकू येते. दुसऱ्या दिवशीच्या त्या सुस्तीला तिकडे 'ग्रॉग-डोप' असा खास शब्दही आहे.

मी एकदा प्यायलो, काहीच झालं नाही. का?

बहुतेक भरल्या पोटी प्यायला असाल. जेवणानंतर कावा फारसा लागत नाही, म्हणून बेटांवर तो जेवणाआधी, तिन्हीसांजेला पितात. दुसरं कारण पूड. तिसरं असं की पहिल्या एक-दोन बैठकांत काहीच जाणवत नाही असं बरेच जण सांगतात. मलाही पहिल्या शुक्रवारी फक्त जीभ बधिर झाल्याचं आठवतंय. यावर 'मग दुप्पट घेऊ' हा उपाय नाही. त्याने मळमळ होते, आणि कावाची उलटी हा प्रकार पुन्हा आठवू नये असा असतो.

प्रमाणात म्हणजे किती?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि एका आकड्यात त्याचं उत्तर बसत नाही. वाळलेल्या मुळात कावालॅक्टोनचं प्रमाण साधारण ३ पासून २० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. जात, वय, मुळाचा कोणता भाग, सगळ्याने फरक पडतो. त्यात पिळणारा हात सढळ की आखडता, हे वेगळंच. त्यामुळे 'दोन चमचे पूड' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मी काय करतो ते सांगतो. पहिली वाटी अर्धी. मग वीस-पंचवीस मिनिटं काही नाही. त्यानंतर दोन, फार तर तीन वाट्या, सगळ्या मिळून दोन तासांत. आठवड्यातून एकदा, आणि अधूनमधून आठवडा सुटला तर सुटला. वानुआतूच्या ताज्या कावाला हा हिशेब लावू नका. तिथे दोन करवंट्या म्हणजे पूर्ण संध्याकाळ.

पण खरं प्रमाण मला चटईनेच शिकवलं. तिथे आपली वाटी आपण भरून घेत नाही. एक जण वाढतो, पाळीपाळीने सगळ्यांना देतो, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये गप्पा, गाणं किंवा नुसतीच शांतता असते. 'अर्धीच द्या' म्हटलं तर कोणी रागावत नाही. आपल्याकडे लग्नात विडा पुढे येतो तेव्हा माणूस एक घेतो, दहा नाही. तोच माणूस टपरीवर एकटा उभा राहिला की दिवसाला पंधरा पानं खातो. कावाचंही तसंच आहे. ऑनलाइन मागवलेल्या बाटलीतून, लॅपटॉपसमोर एकट्याने पिताना थांबवणारं कोणी नसतं. एकट्याने पिऊ नका, हा माझा नियम वाट्या मोजण्यापेक्षा जास्त उपयोगी पडला आहे.

रोज प्यायला तर?

महिनोन्महिने भरपूर प्यायल्यावर त्वचा कोरडी पडून खवल्यांसारखी सुटू लागते. फिजीत याला 'कनिकनी' म्हणतात. पिणं बंद केलं की काही आठवड्यांत त्वचा पूर्ववत होते. त्याखेरीज भूक मंदावते, वजन उतरतं, रक्ततपासणीत जीजीटी हे यकृताचं एन्झाइम वाढलेलं दिसतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये काय झालं ते इथे सांगायलाच हवं. १९८०च्या दशकात तिथल्या आदिवासी वस्त्यांमध्ये दारूला पर्याय म्हणून कावा आणला गेला. कावा गेला, पण त्याच्यासोबतचे विधी, वडीलधारे, ठरलेली वेळ, यातलं काही गेलं नाही. काही वस्त्यांत लोक प्रचंड प्रमाणात पिऊ लागले, तब्येती ढासळल्या, पैसा तिकडेच जाऊ लागला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाने आयातीवर कडक बंधनं घातली. ती सैल व्हायला पुढे बरीच वर्षं लागली.

कावाने यकृत खराब होतं असं वाचलंय. खरं काय?

प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही. १९९०च्या दशकात युरोपात कावाच्या अर्काच्या गोळ्या चिंतेवरचं औषध म्हणून जोरात खपत होत्या. मग यकृताला गंभीर इजा झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. काही रुग्णांना यकृत बदलावं लागलं, काही दगावले. २००२ मध्ये जर्मनीने ही औषधं बाजारातून काढली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ग्राहकांना इशारा दिला. ब्रिटनने खाद्यपदार्थ म्हणून कावा विकायलाच बंदी केली. बेटांवरच्या शेतकऱ्यांचं यात कंबरडं मोडलं. जर्मन न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी चुकीची ठरवली, पण वाद तिथे मिटला नाही.

बेटांवरचे लोक विचारतात: आम्ही शेकडो वर्षं पितोय, आमची यकृतं कुठे गेली? प्रश्न रास्त आहे. यावर वेगवेगळे तर्क आहेत. गोळ्यांसाठी अल्कोहोल किंवा ॲसिटोन वापरून अर्क काढत, पेय मात्र पाण्यात होतं. काही मालात मुळाऐवजी खोडाची साल आणि पानं मिसळलेली असत, आणि त्यात पायपरमेथिस्टिन नावाचं अपायकारक अल्कलॉइड असतं. मुळांना बुरशी लागलेली असू शकते. बऱ्याच रुग्णांना सोबत दारू किंवा दुसरी औषधंही चालू होती. यातलं एकच कारण खरं, असं सिद्ध झालेलं नाही.

२०१६ मध्ये एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आणि जागतिक आरोग्य संघटनेने पारंपरिक पेयाचा आढावा घेतला. पाण्यात केलेल्या कावाचा मध्यम वापर आरोग्याला स्वीकारता येईल इतपत कमी धोक्याचा आहे, असा त्याचा रोख होता. भरपूर पिणाऱ्यांबद्दल मात्र त्यातही चिंता आहे. मी यातून घेतलेला अर्थ साधा आहे: पेय चालेल, गोळ्या आणि घट्ट अर्क नकोत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पोटाच्या उजव्या बाजूला दुखलं, सतत मळमळत राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि कावा पीत होतो हे लपवू नका.

कोणी अजिबात पिऊ नये?

कावीळ होऊन गेलेली, हिपॅटायटीस किंवा फॅटी लिव्हर असलेली माणसं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका. अठराच्या आतली मुलं. पार्किन्सन्सचे रुग्ण, कारण कावा त्यांच्या लिव्होडोपा या औषधाच्या आड येतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, नैराश्याची औषधं, फिटवरची औषधं चालू असतील तर नाही म्हणजे नाही. यकृतात औषधांची विल्हेवाट लावणारी जी एन्झाइम्स असतात त्यांतली काही कावा अडवतो, त्यामुळे भलत्याच औषधाचा अंमल वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा. आणि मावशी, तुझ्या झोपेच्या गोळीऐवजी हा घेऊ का, याचंही उत्तर यातच आलं.

दारूसोबत?

नको. फिजीत कावानंतर बिअर घेण्याची एक खोड आहे, 'वॉशडाउन' म्हणतात तिला. दोन्ही मिळून गुंगी एकेकट्यापेक्षा जास्त येते आणि यकृतावर दुहेरी बोजा पडतो. पॅरासिटॅमॉलही त्या रात्री टाळा.

पिऊन गाडी चालवता येते का?

डोकं ठिकाणावर वाटतं, हीच गोम आहे. हातपाय मंदावलेले असतात आणि आपल्याला ते कळत नाही. मी शेजारी चालत जातो म्हणून माझा प्रश्न सुटला. तुम्ही दुसऱ्याला चालवायला सांगा.

चिंता, झोप यांवर औषध म्हणून घ्यावा का?

२००३ च्या कॉक्रेन आढाव्यात (आधी झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) चिंता थोडी कमी झाल्याचं दिसलं होतं. पण ऑस्ट्रेलियात १७१ जणांवर १६ आठवडे झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सततच्या चिंतेच्या आजारावर कावा खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. शिवाय कावा घेणाऱ्यांत यकृताच्या तपासण्या बिघडण्याचं प्रमाण जास्त निघालं. शुक्रवारचा थकवा उतरवणं वेगळं आणि आजारावर इलाज करणं वेगळं.

विकत घेताना काय बघायचं?

'नोबल' शब्द बघा. रोज पिण्याच्या चांगल्या जातींना हे नाव आहे. दुसरा प्रकार 'तूदेई', म्हणजे ज्याचा जडपणा दोन दिवस उतरत नाही तो. वानुआतूने २००२ च्या कायद्याने असल्या जातींच्या निर्यातीला मनाई केली. पाकिटावर फक्त मूळ असल्याचं लिहिलेलं हवं. फिजीत बारीक मुळांना 'वाका' म्हणतात, ती कडक आणि महाग. बुंध्याजवळचा जाड भाग 'लेवेना', तो सौम्य. अमेरिकेतल्या कावा-बारमध्ये कधीकधी क्रॅटम (आग्नेय आशियातल्या एका झाडाची पानं) मिसळलेली पेयं मिळतात. क्रॅटम ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे, तिची सवय फार वाईट लागते. नीट विचारून घ्या.

भाव ऐकून दचकाल. झुडूप तयार व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात, बी धरत नाही, फांदी लावूनच वाढवावं लागतं. २०१५ चं पॅम आणि २०१६ चं विन्स्टन ही चक्रीवादळं वानुआतू आणि फिजीचे मळे झोपवून गेली, तेव्हा भाव असे चढले की शेजारच्या काकांनी काही महिने तानोआ उलटा घालून ठेवला होता.

फिजीत गावात गेलो आणि समोर बिलो आला तर?

जाण्याआधी बाजारातून अर्धा किलो वाका घ्या. राजधानी सुव्हाच्या बाजारात वरच्या मजल्यावर मिळतो. गावात शिरल्यावर तो प्रमुखासमोर ठेवायचा, ही 'सेवूसेवू'ची रीत. टोपी, गॉगल काढा, गुडघे झाकलेले असू द्या. मांडी घालून बसा, पाय तानोआकडे पसरू नका. बिलो पुढे आला की ओंजळीसारखे पोकळ तळवे करून एक टाळी, 'बुला' म्हणायचं, एका दमात प्यायचं, वाटी परत करून तीन टाळ्या. सगळे 'माथा' म्हणतील, म्हणजे वाटी संपली. 'हाय टाइड की लो टाइड?' असं विचारलं तर लो टाइड म्हणा, अर्धी मिळते. पहिली वाटी नाकारणं बरं दिसत नाही. तब्येतीचं कारण असेल तर आधीच सांगा, समजून घेतात.

बायका पितात का?

फिजीत आता सर्रास. आमच्या गॅरेजमध्ये काकूंचा हात काकांपेक्षा सढळ आहे. तन्नासारख्या ठिकाणी मात्र पारंपरिक नाकामालमध्ये बायकांना अजूनही प्रवेश नाही.

फिजीत आपले लोक इतका कावा पितात, त्यात मराठी कोणी?

क्वचितच. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे भारतीय मजूर, तिथे नेले, पण जहाजं कोलकाता आणि मद्रासहून सुटली. उसाच्या मळ्यात राबून थकलेल्या त्या माणसांनी ग्रॉग आपलासा केला. आज रामायण मंडळीच्या पाठानंतरही तानोआ येतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चौपाया संपताच टाळ बाजूला ठेवून त्याच हातांनी लोक पुरचुंडी पिळायला लागले होते. आपल्याकडे भजनानंतर सुंठवडा येतो, तितक्याच सहजपणे.

भारतात येताना थोडी पूड आणशील का?

नाही. वनस्पतीजन्य माल आणायला क्वारंटाइनचे नियम आहेत आणि विमानतळावर तपकिरी पुडीबद्दल खुलासा देत बसायची माझी तयारी नाही. त्यापेक्षा तुम्हीच इकडे या. शुक्रवारी या, आणि दुपारचं जेवण हलकं ठेवा.